बाळंतिणींच्या खाटांवर म्हातारी माणसं

लग्न करून मी नागपूरहून जबलपूरला आले, तेव्हा चेरीतालच्या आमच्या घरात शांतता अशी नव्हतीच. वर आम्ही राहायचो आणि खाली सासूबाईंचं प्रसूतिगृह होतं. पहिल्या सकाळी मला जाग आली ती खालच्या रडण्याने. एक बाळ थांबलं की दुसरं सुरू व्हायचं, मधेच दोघं एकदम. मी स्वतः स्त्रीरोगाची डॉक्टर, त्यामुळे बाळांचं रडणं मला नवं नव्हतं. पण चहा पिताना, केस विंचरताना, देवापुढे दिवा लावताना ते सारखं सोबत असणं नवं होतं. सासूबाई माझ्याकडे बघून हसल्या. म्हणाल्या, "होईल सवय. थोड्या दिवसांनी ऐकूसुद्धा येणार नाही तुला."

सवय झाली. मी त्यांच्या हाताखाली काम करायला लागले.

खाली बाळंतिणींच्या दोन खोल्या होत्या. खाटा कायम भरलेल्या, आणि खाटा संपल्या की जमिनीवर गाद्या. खमरियाच्या दारूगोळ्याच्या फॅक्टरीत काम करणाऱ्यांच्या बायका क्वार्टरमधून बसने यायच्या, अवघडलेल्या, एका हातात पिशवी आणि दुसऱ्या हाताने कंबर धरलेली. भेडाघाटकडच्या खेड्यांतून जीप यायची. तिच्यातून सासू, नणंद, शेजारीण आणि आधीची पोरं उतरायची, सगळ्यात शेवटी जिला कळा येत असायच्या ती. त्यांचा संसार व्हरांड्यात मांडला जायचा. सुंठ-गुळाचा, ओल्या दुपट्यांचा आणि फिनेलचा असा एकत्र वास माझ्या साड्यांनाही लागलेला असायचा. सासूबाई पदर खोचून या गर्दीतून वाट काढत चालायच्या आणि कुणाला रागावायच्या, कुणाच्या डोक्यावरून हात फिरवायच्या. दोन्ही कामं त्या एकाच दमात करायच्या.

त्या वर्षीची एक बाई मला अजून दिसते. तिचा नवरा भेडाघाटला संगमरवराच्या मूर्ती कोरायचा. त्याच्या भुवयांवरसुद्धा दगडाची पांढरी भुकटी बसलेली असायची. बाईचं ते सातवं बाळंतपण. मुलगी झाली. रक्त फार गेलं होतं आणि आम्ही दोघींनी मिळून तिला कशीबशी परत आणली होती. दुसऱ्या दिवशी सासूबाई तिच्या खाटेवर बसल्या आणि म्हणाल्या, "अब बस करो. ऑपरेशन करवा लो. अगली बार मैं नहीं बचा पाऊँगी."

बाई छताकडे बघत पडली होती. आवाज न चढवता ती म्हणाली, "डॉक्टरनी बाई, सात जने मैंने. एक को नर्मदा मैया ले गईं. दो बुखार में गए. एक तो नाम रखने के पहले ही चला गया. बचे तीन. इनमें से कौन बचेगा, तुम बता दो. मैं आज ही करवा लेती हूँ."

सासूबाईंनी बाळाच्या अंगावरचं दुपटं सारखं केलं आणि बाहेर आल्या. जिन्यात थांबून मला म्हणाल्या, "ती चूक नाही बोलून राहिली. पोरं मरतात, म्हणून या बायका आणखी पोरं करतात. हे मरणं एकदा थांबू दे. मग जन्मही आपोआप कमी होतील. बघशील तू."

आणि तसंच झालं. एका वर्षात नाही, दोनात नाही. गावोगावी लसी पोचल्या. जुलाब झालेल्या पोराला मीठ-साखरेचं पाणी पाजायचं हे घरोघरच्या आयांना कळलं. रस्ते बरे झाले आणि जीप वेळेवर यायला लागल्या. पूर्वी जुनी बाळंतीण पुन्हा दिसली की "पहिला कसा आहे?" हे विचारताना माझी जीभ अडखळायची, कारण बाई कधीकधी नुसती मान हलवायची. आता तोच पहिला तिच्यामागे उभा राहून माझ्या टेबलावरची घंटी वाजवायचा. पोरं जगायला लागली तसं बायकांचं बोलणं बदललं. ऑपरेशनचा विषय काढला की "अभी रुक जाओ" म्हणणाऱ्या बायका "अब नहीं चाहिए" म्हणायला लागल्या. आधी खमरियाच्या, मग खेड्यांतल्याही. आधी तिसऱ्यानंतर, मग दुसऱ्यानंतर.

एकदा भेडाघाटकडची एक अगदी तरुण बाई दुसरी मुलगी झाल्यावर स्वतःहून म्हणाली, "दीदी, मेरा ऑपरेशन कर दो." सोबत आलेल्या सासूने आडकाठी केली नाही. सासूबाईंनी त्या संध्याकाळी सगळ्यांसाठी खव्याची जलेबी मागवली. आया, नर्सा, व्हरांड्यातले नातेवाईक, सगळ्यांना वाटली. "हे मी बघायला जिवंत राहिले," असं त्या कितीदा तरी म्हणाल्या. त्यांच्या आयुष्यभराच्या कामाचं ते फळ होतं आणि माझ्याही. पुरात अडकलेल्या माणसाला पाणी उतरताना दिसलं की आनंदच होतो. ते कुठवर उतरणार, हे त्या वेळी कुणी विचारत नाही.

आमच्या दारासमोर एक छोटं दुकान होतं. झबली, टोपरी, लंगोट, दुपटी, मच्छरदाणीचे छोटे घुमट. दुकानदार आमच्याच जिवावर जगतो असं तो स्वतःच सांगायचा. एका उन्हाळ्यात मी पाहिलं, त्याने दर्शनी कपाटातून झबली काढली होती आणि तिथे मोठ्या माणसांचे डायपर, चालायला आधार देणारे वॉकर आणि अंथरुणात द्यायची भांडी मांडली होती. मी रस्ता ओलांडून गेले. म्हटलं, "भैया, ये क्या?"

तो ओशाळला. "मॅडम, छोटे साइज का माल पड़ा रहता है. बड़ा साइज महीने में दो बार मँगाना पड़ता है."

मी हसले आणि परत आले. पण ते हसू माझ्या तोंडावर टिकलं नाही.

त्यानंतरच्या हिवाळ्यात एका सकाळी मला लवकर जाग आली आणि काहीतरी बिघडल्यासारखं वाटत राहिलं. आधी वाटलं घड्याळ बंद पडलंय. मग वाटलं वीज गेली असेल. पंखा हिवाळ्यामुळे बंदच होता. मी अंथरुणात पडून कान देत राहिले आणि मग लक्षात आलं की खाली एकही बाळ नव्हतं. दोन्ही खोल्या रिकाम्या होत्या. असा दिवस माझ्या लग्नानंतर कधीच आला नव्हता. मी शाल ओढून खाली गेले. आया रिकाम्या खाटेवर बसून शेंगा सोलत होती. मला बघून ती दचकून उठली, जणू मी तिला काही गैर करताना पकडलं होतं.

असे दिवस मग वरचेवर यायला लागले. काही बाळंतपणं मोठ्या इस्पितळांत जात होती हे खरंच. सरकारी दवाखान्यातही सोय झाली होती. मी स्वतःची तशीच समजूत घालत होते. पण माझी एक मैत्रीण मोठ्या इस्पितळात याच विभागात होती. तिला फोन केला तर ती म्हणाली, "अगं, मी तुलाच विचारणार होते की तुझ्याकडे जातात का. आमच्याकडेही पहिलं झालं की बायका परत दिसत नाहीत."

माझे यजमान कॉलेजात शिकवायचे. एक दिवस ते बाजारातून वैतागून आले. स्कूटर लावायला जागा मिळाली नव्हती. बूट काढता काढता म्हणाले, "रस्त्यावर पाय ठेवायला जागा नाही. एवढी गर्दी वाढून राहिली आणि तुझ्या खाटा काहून रिकाम्या?"

मी म्हटलं, "ती गर्दी आधीच जन्मलेल्यांची आहे. त्या वेळी जी जन्मली आणि मेली नाहीत, ती आता मोठी होऊन रस्त्यावर आहेत. अजून बरीच वर्षं गर्दी वाढतानाच दिसेल."

"आणि मग?"

"मग ती सगळी एकदम म्हातारी होतील."

त्यांचा एक बूट हातातच राहिला. आम्ही दोघं तेव्हा साठीच्या उंबरठ्यावर होतो. आमची एकुलती एक मुलगी बंगलोरला.

खमरियाचे काका आले ते त्याच सुमारास. आपलेच, मराठी. फॅक्टरीतून निवृत्त झाल्यावर क्वार्टर सोडून त्यांनी जवळच छोटं घर बांधलं होतं. त्यांचा मुलगा आमच्याकडेच झाला होता, मी आल्यानंतरच्या सुरुवातीच्या बाळांपैकी. त्यांनी तेव्हाच एकावर थांबायचं ठरवलं होतं आणि फॅक्टरीत त्यांचं त्याबद्दल कौतुक व्हायचं. मुलगा हुशार निघाला. आता तो कॅनडात होता.

काका माझ्यासमोर खुर्चीत बसले आणि जे झालं ते त्यांनी शांतपणे सांगितलं. काकू दुपारी न्हाणीघरात पडल्या. मांडीचं हाड मोडलं. काकांना त्यांना उचलता येईना. फोन बैठकीत होता. "म्हटलं, निदान हिच्याजवळ बसावं, मग जाऊ फोनकडे. बसलो तर खरं, पण मग मलाच उठता येईना, डॉक्टरीणबाई. तसेच बसून राहिलो ओल्यात, दोघं. मी हाका मारल्या. गल्लीत ऐकायला कुणी नव्हतं. सगळ्या घरांत आमच्यासारखेच." संध्याकाळी भांडी घासायला बाई आली तेव्हा तिने पाहिलं.

हाडाचं ऑपरेशन दुसरीकडे झालं होतं. आता तिथून घरी पाठवत होते.

"थोडे दिवस तिला तुमच्याकडे ठेवून घ्या," काका म्हणाले.

"काका, हे प्रसूतिगृह आहे. इथे कसं ठेवणार?"

"तुमच्या खाटा रिकाम्या आहेत. रस्त्यावरून दिसतं." ते टोमणा मारत नव्हते. जे पाहिलं तेच सांगत होते. मग म्हणाले, "आणि नाही तर मी कुठं जाऊ, ते सांगा."

मी काकूंना ठेवून घेतलं. सोबत राहायचं म्हणून काकाही आले. आठवड्याभरात मागच्या गल्लीतल्या एका विधवा मास्तरीणबाईंचा भाचा येऊन विचारून गेला. मग कुणाचे सासरे, कुणाची मावशी. मी पाटी बदलली नव्हती, कुणाला बोलावलं नव्हतं. पण चेरीतालमध्ये बातमी फिरली होती आणि पुढचा उन्हाळा संपायच्या आत बाळंतिणींची मोठी खोली पुन्हा भरली. पाळणे आम्ही माळ्यावर टाकले. जमिनीवर मात्र गाद्या घालाव्या लागल्या नाहीत, कारण खाली बसलेलं माणूस परत उठू शकत नव्हतं.

मदतीला बाया हव्या होत्या. आलेल्यांपैकी एकीने पहिल्याच दिवशी माझ्या पायाला हात लावला. "दीदी, मैं यहीं हुई थी. अम्मा कहती हैं, आप ही ने पकड़ा था मुझे." ती त्या मूर्ती कोरणाऱ्याची मुलगी होती, सातवी. तिची आई जिवंत होती आणि तिच्याचकडे राहत होती. भाऊ सुरतला कामाला गेले होते. थोड्या दिवसांनी मी विचारलं, "तुला किती मुलं?"

"एकच मुलगी," ती म्हणाली. थोडं मराठी तिला एव्हाना यायला लागलं होतं, बाकी हिंदीच. "दूसरा काहे को, दीदी? एक ही ढंग से पढ़ जाए."

तिच्या आईचं ते उत्तर मला आठवत होतं. मुलीचं उत्तरही तितकंच बिनतोड होतं. मी तिला काकूंच्या खाटेकडे पाठवलं.

सासूबाई तोवर नव्वदीच्या पुढे गेल्या होत्या. जिना चढणं सुटलं होतं, म्हणून त्यांचीही खाट खाली आणली होती, जुन्या प्रसूतीच्या खोलीत. शरीराने त्या काटक होत्या. वॉकर धरून दिवसभर इकडून तिकडे चालायच्या. पण आठवण गेली होती. कधी मला ओळखायच्या, कधी नर्स समजायच्या. एवढी माणसं खाटांवर बघून त्यांना बरं वाटायचं. "आज भरलंय सगळं," म्हणायच्या आणि प्रत्येक खाटेशी थांबायच्या.

पावसाळ्याच्या शेवटी काकूंना न्यूमोनिया झाला. मोठ्या इस्पितळात न्यायचं मी सुचवलं. काकांनी काकूंचा हात हातात घेतला. मग म्हणाले, "नको आता. तिथं काचेतून बघावं लागते. इथं हात तरी धरता येतो." मुलाला कळवलं होतं. तो निघाला होता.

ती दुपार मी विसरू शकणार नाही. बाहेर ऊन-पाऊस चालला होता. काकू कण्हत होत्या. लाट यावी तसं ते कण्हणं यायचं, चढायचं, ओसरायचं, मग थोडी विश्रांती आणि पुन्हा. काका उशाशी होते. मी आणि मूर्ती कोरणाऱ्याची ती मुलगी, आमची भेडाघाटची बाई, पायथ्याशी उभ्या होतो. तेवढ्यात वॉकरची ठकठक आली आणि सासूबाई आत आल्या. त्यांचा चेहरा बदललेला होता. इतक्या वर्षांपूर्वीचा, कामातला, करडा चेहरा. त्या सरळ काकूंच्या खाटेवर बसल्या, चादरीतून हात घालून पोटावर ठेवला आणि माझ्याकडे बघून म्हणाल्या, "हिला केव्हापासून कळा सुरू आहेत? मला सांगितलं काहून नाही? पाणी तापत ठेवलं का?"

मी पुढे झाले. "आई, चला, तुमच्या खोलीत जाऊ."

काकांनी हात वर केला. "राहू द्या त्यांना," ते म्हणाले. "ती त्यांना ओळखते."

खरंच, काकूंचे डोळे किंचित उघडले होते आणि सासूबाईंवर लागले होते. सासूबाईंनी त्यांचा हात घेतला. "घाबरायचं नाही, बाळा. कळ आली की श्वास घे. हां, सोड. असंच. शहाणी पोरगी आहे. आता थोडंच राहिलं. आत्ता मोकळी होशील." आणि काकूंचा श्वास त्यांच्या बोलण्याबरोबर चालायला लागला. घे म्हटलं की घ्यायच्या, सोड म्हटलं की सोडायच्या. मी त्याच घरात, तोच आवाज, तेच शब्द असंख्य वेळा ऐकले होते आणि दर वेळी त्यांच्या शेवटी एक जीव जगात आला होता.

"झालं, झालं. आता एकदाच. सोड."

काकूंनी श्वास सोडला. पुन्हा घेतला नाही.

काकांनी मान खाली घातली. भेडाघाटच्या बाईने हात जोडले. सासूबाई मात्र तशाच बसल्या होत्या, मान एका बाजूला कलती करून, ऐकत. कसली तरी वाट बघत. मग त्यांच्या कपाळावर आठी पडली.

"रडत काहून नाही?" त्या म्हणाल्या.

भेडाघाटच्या बाईने माझ्याकडे पाहिलं.

"अगं, बघत काय उभ्या आहात? पाठ चोळा. पायाला धरून उलटं करा. रडलं पाहिजे ते!" त्यांचा आवाज चढला. खोलीतल्या बाकी खाटांवरची माणसं उशांवरून माना उचलून बघायला लागली. "रडलं पाहिजे," त्या म्हणत राहिल्या, एकेकाच्या तोंडाकडे बघत, आणि मी त्यांना खांद्याला धरून त्यांच्या खोलीत नेलं तरी दाराआडून तेच ऐकू येत राहिलं.

काकूंना नर्मदेकाठी ग्वारीघाटला नेलं. खांदा द्यायला काकांचा एक पुतण्या सोडला तर सगळे पिकल्या केसांचे. माझे यजमान, समोरचा दुकानदार, फॅक्टरीतले काकांचे दोन जुने सोबती. गल्लीच्या तोंडाशी त्यांना थांबून विसावा घ्यावा लागला. तीन घरं पुढे आणखी एकदा. मुलगा विमानात होता. तो आला तेव्हा सगळं उरकलं होतं. भला माणूस. माझे हात धरून रडला. बापाला सोबत न्यायची त्याने खूप मनधरणी केली, पण काका हलले नाहीत, आमच्याकडेच राहिले. जाताना तो मोठ्या खोलीच्या दारात उभा राहिला. मी सहज विचारलं, घरी कोण कोण. "मी आणि बायको," तो म्हणाला. "आम्ही तसंच ठरवलंय."

त्यानंतर सासूबाई कुणाचंही कण्हणं ऐकलं की उठून यायच्या. काकूंनंतर थोड्याच दिवसांत त्या मास्तरीणबाई गेल्या आणि त्याही वेळी सासूबाई त्यांच्या खाटेवर बसलेल्या होत्या, हात धरून, धीर देत. मग कुणाचे तरी सासरे. खोलीतल्या माणसांनी ते मनात धरलं. उघड कुणी बोललं नाही. पण वॉकरची ठकठक बाहेर ऐकू आली की आतलं बोलणं थांबायचं. एक आजी चादर डोक्यावरून ओढून घ्यायच्या. एक सिंधी म्हातारे भिंतीकडे तोंड करायचे. दुखत असलं तरी लोक कण्हेनासे झाले. ओठ आवळून पडायचे, कारण आवाज झाला तर त्या येतील. मी वॉकरला रबरी टोपणं लावली. तेव्हा तर आणखीच वाईट झालं. आता त्या कधी येऊन उभ्या राहतात हे कळेनासं झालं.

सासूबाई होळीनंतर गेल्या, झोपेत. त्यांच्याजवळ त्या वेळी कुणी नव्हतं.

त्यांच्या तेराव्याला मुलगी बंगलोरहून आली होती. पाहुणे गेल्यावर आम्ही दोघी जिन्यात बसलो. तिचं मराठी निम्मं हिंदी आहे. तिला सगळं कळतं, बोलताना मात्र घसरते. ती म्हणाली, "आई, एक सांगायचंय. आम्हाला मूल नकोय. हमने सोच लिया है."

"काहून?"

"काहून काय! कारण असं काही नाही गं. बस, इच्छा नहीं है."

मी तिला काय सांगणार होते? बाईला नको असेल तर तिने नाही म्हणावं आणि ते ऐकलं जावं, यासाठी सासूबाई आयुष्यभर लोकांशी भांडल्या होत्या. मीही भांडले होते. नवऱ्यांशी, सासवांशी, कधी दारू पिऊन आलेल्या दिरांशी. आणि आता माझी मुलगी सरळ डोळ्यांत बघून तेच म्हणत होती, कुणाशी न भांडता. मला तिचा अभिमान वाटला.

"मग तुझ्या म्हातारपणी कोण?" मी विचारलं.

"खाली जागा आहे ना आपल्याकडे," ती हसून म्हणाली. मग आतून कुणीतरी खोकलं आणि तिचं हसू गेलं. खालच्या दाराकडे आम्ही दोघीही बघत बसलो.

मधे मी पाटी बदलून घेतली. रीतसर परवानगी घेतली, प्रसूतीचं टेबल देऊन टाकलं. भेडाघाटच्या बाईची मुलगी नर्सिंग शिकते आहे आणि संध्याकाळी जर्मन भाषेच्या क्लासला जाते. तिकडे म्हाताऱ्यांची देखभाल करायला माणसं हवी आहेत म्हणे. आई अभिमानाने सांगते. मी विचारलं, "ती गेली तर तुझं?" ती खाटेवरची चादर ताणत राहिली. "देखेंगे, दीदी," एवढंच म्हणाली.

गेल्या महिन्यात एक गृहस्थ आले. मराठी, बँकेतले, पुण्याहून बदलीवर आलेले. पंचेचाळीस-सेहेचाळीसचे असतील, तब्येत चांगली. आईवडिलांसाठी चौकशी करत असतील असं समजून मी त्यांना मोठी खोली दाखवली. त्यांनी सगळं नीट पाहिलं. न्हाणीघरातला आधाराचा दांडा ओढून पाहिला. खिडकीजवळच्या खाटेशी उभे राहिले, बाहेरचं कडुलिंबाचं झाड पाहिलं.

"ही चांगली आहे," ते म्हणाले.

"कुणासाठी हवी आहे?"

"माझ्यासाठी."

मी त्यांच्याकडे बघत राहिले. "तुम्हाला काय होतंय?"

"काही नाही, मॅडम. ठणठणीत आहे. पण एकच मुलगी आहे, तीही बाहेरच जाईल. बायको म्हणते, निवृत्तीनंतर इथेच राहू, शहर निवांत आहे. म्हटलं आत्ताच बोलून ठेवावं. आमच्या वयाचे किती आहेत, बघताय ना? तोवर सगळीकडे भरून जाईल."

"तोवर मी नसेन," मी म्हटलं.

"हो, ते आलंच लक्षात." त्यांनी अगदी नम्रपणे विचारलं, "मग तुमच्यानंतर हे कोण चालवणार?"

त्यांनी थोडं थांबून पाहिलं, नमस्कार केला आणि गेले. मी दार लावून वळले, तर खिडकीजवळच्या खाटेवरून काका उशीला टेकून माझ्याकडे बघत होते. ते झोपलेत असं मला वाटलं होतं.

"माझी खाट पाहून राहिले होते का ते?" त्यांनी विचारलं.

"नाही काका. खिडकी बघत होते."

काकांनी "अच्छा" म्हटलं. मग त्यांनी चष्मा, पाण्याची बाटली आणि औषधाची डबी खिडकीच्या कट्ट्यावरून एकेक उचलून अंथरुणात, अगदी अंगाशी घेतली आणि वर चादर ओढली.